गेजमधलं पाणी खरं की खोटं?

(१९७६ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला फोनवर दोन अटी घातल्या. पहिली, वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. दुसरी, "तू जन्मभर त्या तुर्भ्याला नक्की काय केलंस ते एकदा सांग, पण आम्हाला कळेल असं सांग." पहिली अट मी मोडणार नाही. दुसरी पाळता येते का ते तुम्हीच ठरवा. आजवर जेवढ्या लग्नांना आणि बारशांना मी शिरूरला आलो, तेवढ्या वेळा कुणीतरी विचारलंच, "काय रे, बॉम्ब बनवतोस का?" नाही बाबांनो. मी छत्तीस वर्षं पाणी उकळलं. तेही बहुतेक वेळा कागदावर.

नळीतून वाफ आणि पाणी एकत्र वाहत असताना त्यातली वाफ किती, पाणी किती, कोण पुढे पळतंय आणि कोण मागे राहतंय, एवढंच माझं काम. इंजिनियर लोक त्याला द्विप्रावस्था प्रवाह म्हणतात. आपण 'वाफ-पाणी' म्हणू.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, मी आठवीला या शाळेत आलो तो दौंडहून. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, रेल्वेत होते. फायरमनचे ड्रायव्हर झालेले. मालगाडी घेऊन मनमाडकडे गेले की कधी परततील याचा नेम नसायचा. रेल्वे कॉलनीत माझा अभ्यास होईना, म्हणून आईनं मला मामाकडे धाडलं. सुट्टी लागली की शिरूरहून न्हावऱ्यावरून एस.टी.नं चौफुल्याला, आणि तिथून दौंड. हा प्रवास मी इतक्या वेळा केलाय की वाटेतली बाभळीची झाडं ओळखीची झाली होती.

वाफ-पाण्याचे माझे पहिले दोन धडे याच रस्त्याच्या दोन टोकांना झाले. पाठ्यपुस्तकं फार नंतर आली.

एक धडा मामाच्या गुऱ्हाळावर. काहिलीत रस उकळायला लागला की फेस चढतो, आणि बघता बघता काहिलीच्या काठाशी येतो. रस तेवढाच, पण जागा दीडपट. मी घाबरून ओरडायचो, आणि गुळव्या शांतपणे चार थेंब गोडेतेल टाकायचा. फेस बसायचा. रस पुन्हा जिथल्या तिथे. मला वाटायचं, तेलानं रस कमी केला. रस कमी झालाच नव्हता, त्यातले बुडबुडे गेले होते.

दुसरा धडा दौंडच्या शेडमध्ये. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर एक काचेची उभी नळी असते, वॉटर गेज. बॉयलरमध्ये पाणी किती ते त्यात दिसतं. पाणी कमी झालं आणि भट्टीच्या वरचा पत्रा उघडा पडला, तर तो तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटतो. म्हणून त्या पत्र्यात शिशाचा प्लग बसवलेला असतो. पाणी उतरलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत सुटते आणि ड्रायव्हरला कळतं. प्लग वितळला की ड्रायव्हरची चौकशी लागलीच म्हणून समजा. तेव्हा दादांची नजर सदा त्या काचेवर. एकदा त्यांनी मला उभ्या इंजिनावर चढवलं आणि सांगितलं, "हे बघ, रेग्युलेटर उघडला की काचेतलं पाणी वर चढतं. ते खोटं पाणी. वाफ ओढली जाते, दाब उतरतो, आतलं पाणी फसफसतं आणि फुगतं. रेग्युलेटर बंद केला की पाणी खाली बसतं. ते खरं पाणी. नव्या पोराला खोट्या पाण्याचा भरवसा वाटतो."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो.

शाळा संपली. अकरावी मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्यातली आपली दुसरी तुकडी. मग पुण्याला बारावी, इंजिनिअरिंग, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची मुलाखत. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, "तिथं बॉयलर आहे का?" मी म्हणालो, "आहे, पण कोळशाऐवजी युरेनियम." ते म्हणाले, "मग बॉयलरच की."

बरोबरच होतं त्यांचं. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या म्हणजे सरळ बॉयलरच आहेत. इंधनाच्या सळ्यांना पाणी लागतं, तिथेच उकळतं, आणि तीच वाफ टर्बाइनला जाते. फरक दाबाचा. आपल्या पातेल्यात पाणी हवेच्या दाबाला उकळतं. तिथे साधारण सत्तरपट दाब असतो, त्यामुळे पाणी २८६ अंशांना उकळतं.

आता एक हिशेब सांगतो. घाबरू नका, एकच आहे. हवेच्या दाबाला एक किलो वाफ एक किलो पाण्याच्या सोळाशेपट जागा घेते. समजा नळीतून शंभर किलो उकळतं पाणी चाललंय आणि त्यातल्या फक्त एका किलोची वाफ झाली. दोघं एकाच वेगानं चालले, तर नळीतली ९४ टक्के जागा वाफेची. वजनानं एक टक्का, जागेनं चौऱ्याण्णव! तेच सत्तरपट दाबाला वाफ पाण्याच्या फक्त वीसपट जागा घेते, आणि तोच एक किलो सतरा टक्क्यांवर थांबतो. म्हणून भट्टीतला दाब अचानक पडला की इंजिनियरच्या पोटात गोळा येतो. पाणी तेवढंच असतं, पण फुगतं, आणि नळीत कुठे काय आहे ते सांगणं अवघड होतं.

शिवाय दोघं एकाच वेगानं चालतच नाहीत. वाफ हलकी, ती पुढे पळते. थोडी वाफ असेल तर सुटे बुडबुडे. वाढली की बुडबुडे एकमेकांत मिसळून बंदुकीच्या गोळीसारखे लांबट होतात आणि नळी भरून धावतात. आणखी वाढली की मधून नुसती वाफ, आणि पाणी भिंतीला दुधावरच्या सायीसारखं चिकटून वर सरकतं. इंधनाची सळी थंड राहते ती त्या सायीमुळे. साय सुकली की सळीचं तापमान एकदम चढतं. साय कधी सुकेल हे आधी सांगता आलं पाहिजे. आमच्या खात्याची निम्मी भाकरी या एका प्रश्नावर.

प्रत्येक बुडबुड्याचा हिशेब ठेवणं देवालाच जमेल. म्हणून माणसं सरासरी काढतात. लॉकहार्ट आणि मार्टिनेली यांनी १९४९ मध्ये प्रयोगांवरून एक आलेख दिला, तो आजही वापरतात. झुबर आणि फिंडले यांनी १९६५ मध्ये वाफ सरासरीपेक्षा किती पुढे पळते याचं सोपं सूत्र दिलं. माझं मत विचाराल तर या विषयातली सगळ्यात शहाणी एक ओळ ती. पुढे १९७५ मध्ये इशी या जपानी शास्त्रज्ञाचं पुस्तक आलं. त्यात वाफ आणि पाणी ही दोन वेगळी द्रवद्रव्यं धरून प्रत्येकाची वेगळी समीकरणं मांडली होती. वस्तुमानाची दोन, संवेगाची दोन, ऊर्जेची दोन. एकूण सहा. तरुण वयात सहा समीकरणं एका समीकरणापेक्षा सहापट खरी वाटतात. मला वाटली.

इथे माझी फजिती सांगतो. आपले गणिताचे सर समोर बसलेत, त्यांचा या गोष्टीत हात आहे.

नोकरीची पहिली काही वर्षं. उभी नळी, खालून ताप, वरून गार पाणी, आणि आत वाफ-पाणी आपोआप फिरतंय, असा एक प्रयोग होता. त्याचा संगणकावर हिशेब करायचं काम माझ्याकडे. मी नळीचे वीस तुकडे कल्पिले आणि सहा समीकरणं सोडवली. उत्तर प्रयोगाच्या जवळ आलं. चाळीस तुकडे केले. आणखी जवळ आलं. मी खूश. मग ऐंशी केले, आणि उत्तर थरथरायला लागलं. एकशेसाठला तर वाफेचं प्रमाण सुईसारखं वर-खाली. मी म्हटलं, प्रोग्रॅममध्ये चूक असेल. महिनाभर शोधली, सापडली नाही. अहवालाची तारीख आली. मी चाळीस तुकड्यांचा आलेख लावला आणि ऐंशीचा कपाटात ठेवला.

वरिष्ठांनी अहवाल चाळला आणि एकच प्रश्न विचारला, "ऐंशी तुकडे करून बघितलेस का?" मी गप्प. ते काहीच बोलले नाहीत, अहवाल परत दिला. खोलीपर्यंत मी कसा चालत आलो ते मला आठवत नाही. खोटं लिहिलं नव्हतं मी. पण खोटं पाणी दाखवलं होतं.

त्या रात्री वसतिगृहात कागद घेऊन बसलो. सहा समीकरणांतली उष्णता, उकळणं, घर्षण सगळं काढून टाकलं. उरला सांगाडा. नळीत एखादी बारीक लहर उठली तर ती कुठल्या वेगानं जाईल, हे त्या सांगाड्यातून काढायचं. ते काढता काढता शेवटी हाती काय आलं असेल? वर्गसमीकरण! आपल्या दहावीचं. आणि त्याचा विवेचक ऋण.

सर, तुम्ही फळ्यावर विवेचक ऋण आला की खडू खाली ठेवायचात आणि आम्ही वहीत लिहायचो, "मुळे वास्तव नाहीत." दोन मार्क मिळायचे आणि पुढचं गणित सुरू. इथे पुढचं गणित नव्हतं. लहरीच्या वेगाची मुळं वास्तव नाहीत, म्हणजे लहर नुसती पुढे जात नाही, ती वाढत राहते. आणि लहर जेवढी बारीक तेवढी झपाट्यानं वाढते. मी तुकडे जेवढे बारीक करत होतो, तेवढ्या बारीक लहरींना दार उघडून देत होतो. वीस आणि चाळीस तुकड्यांना उत्तर शहाण्यासारखं येत होतं, कारण तुकडे जाड होते आणि जाडपणात लहर बुजत होती. माझ्या अज्ञानानं उत्तर सुंदर केलं होतं. वाफ आणि पाणी एकाच वेगानं चाललं तरच त्या सांगाड्याचा विवेचक शून्य होतो. वेग वेगळे झाले की ऋण. म्हणजे ज्या फरकासाठी सहा समीकरणं घेतली, तोच फरक त्यांना बुडवत होता.

ही गोष्ट जगात आधीच माहीत होती. मी ग्रंथालयात नीट शोधलं असतं तर महिना वाचला असता. त्यावर उपायही होते. बुडबुडा पळताना आजूबाजूचं पाणीही ओढत नेतो, त्याचं वजन समीकरणात धरायचं. वाफ आणि पाण्याच्या सीमेवरचा दाब वेगळा धरायचा. किंवा सरळ झुबर-फिंडलेच्या ओळीकडे परत जायचं. मी तो अहवाल पुन्हा लिहिला. या वेळी चारही आलेख लावले, थरथरणारा सगळ्यात वर.

त्याच सुमारास, १९८४ च्या दिवाळीत, मी दौंडला आलो होतो. दादा निवृत्तीला टेकलेले. ओट्यावर बसून मी त्यांना अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची गोष्ट सांगितली. २८ मार्च १९७९, पहाटेचे चार. भट्टी बंद झाली, पण वरची एक झडप उघडी पडली ती मिटलीच नाही. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र ती मिटल्याचं सांगत होता. त्या झडपेतून वाफ आणि पाणी निघून चाललंय. आणि काट्यावर पाण्याची पातळी दिसतेय वर. चालकांना वाटलं, पाणी जास्त झालं. त्यांनी आपोआप सुरू झालेलं पाणी हातानं कमी केलं. काही तासांत इंधनाचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

दादांनी विडी विझवली आणि विचारलं, "प्रेशर किती होतं तेव्हा?"

मी म्हणालो, "पडत होतं."

"प्रेशर पडतंय आणि गेज चढतंय?" ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की जणू चूक मीच केली होती. "अरे, मग ते पाणी कुठलं? फेस तो. कुठून तरी वाफ निघत असणार. आधी ते भोक शोधायचं, आणि पाणी चालू ठेवायचं. हे तर फायरमनलाही कळतं."

मी आत जाऊन आईला सांगितलं की दादांनी एका मिनिटात सांगितलं ते तिकडच्या चौकशी समितीला लिहायला पुस्तक लागलं. आई म्हणाली, "त्यांना भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा एका मिनिटात कळतं."

अर्थात दादांच्या समोर एकच बॉयलर आणि एकच काच होती, आणि त्या चालकांसमोर शंभर दिवे एकदम लुकलुकत होते. त्यांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. मीही कपाटात आलेख ठेवलेला माणूस.

आता नरोऱ्याची गोष्ट सांगतो आणि आटोपतं घेतो. आपल्या घरांच्या गच्चीवर सोलर बंब असतो. त्याला पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं. टाकी वर असली पाहिजे, एवढीच अट. आपल्या देशातल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतही वाफ तयार करणारी मोठी पात्रं इंधनाच्या वर बसवलेली असतात. पंप चालू असताना याचं महत्त्व कळत नाही.

३१ मार्च १९९३, पहाटे साडेतीनचा सुमार. उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या नरोरा केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलमधून पसरली. भट्टी ताबडतोब बंद झाली, पण वीज गेली. डिझेल जनित्रांची वीजसुद्धा पोचेना, कारण केबलच जळलेल्या. सतरा तास अंधार. आणि भट्टी बंद केली म्हणजे उष्णता बंद होते असं नाही. साडेसातशे मेगावॅट उष्णतेची भट्टी पूर्ण शक्तीवरून बंद केली, तर त्या क्षणी पन्नासच्या आसपास मेगावॅट उष्णता निघत राहते, आणि दोन-तीन तासांनीही सात-आठ. पंप एकही नाही.

त्या रात्री तिथल्या माणसांनी बॅटऱ्या घेऊन धुरातून वर चढून हातानं बोरॉनचं पाणी भट्टीत सोडलं, भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून. आणि अग्निशमनाचे डिझेलवर चालणारे पंप सुरू करून वरच्या पात्रांना पाणी दिलं. बाकीचं काम सोलर बंबानं केलं. इंधनाशी तापलेलं पाणी आपोआप वर गेलं, गार होऊन आपोआप खाली आलं. तासन् तास. इंधन शाबूत राहिलं, किरणोत्सार बाहेर पडला नाही.

बातमी आली तेव्हा मी तुर्भ्याला होतो. आमच्यासारख्यांच्या मनात एकच प्रश्न होता: हवा धरली का? विहिरीवरच्या पंपाच्या पाइपात हवा धरली की पाणी चढत नाही, हे इथल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. त्या पात्रांत उलट्या यू आकाराच्या शेकडो बारीक नळ्या असतात. दाब उतरून त्यांच्या माथ्यावर वाफ साचली, तर फिरणारं पाणी अडू शकतं. किती वाफेला अडतं, किती वाफेपर्यंत उलट जोर वाढतो, कारण थोडी वाफ तर स्तंभ हलका करून मदतच करते, हे मी वर्षानुवर्षं कागदावर मोजत होतो. नरोऱ्याला पाणी फिरत राहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी गच्चीवर गेलो आणि बंबाच्या नळीला हात लावून उभा राहिलो. बायकोला वाटलं, बंब बिघडला.

पुढे माझी बरीच वर्षं अशाच एका भट्टीच्या अभ्यासात गेली, जिच्यात मुख्य पंपच नाही, साडेचारशेहून जास्त उभ्या नळ्यांत उकळणारं पाणी आपल्याच बळावर फिरणार. ती अजून उभी राहिलेली नाही, कागदावर आणि तुर्भ्याच्या प्रयोगशाळेतल्या उंच नळ्यांतच आहे. वाईट वाटतं का? वाटतं. पण काक्रापारला ७०० मेगावॅटच्या नव्या भट्ट्या आल्या, त्यांत नळीच्या तोंडाशी पाणी मुद्दाम थोडं उकळू देतात, वजनानं तीनेक टक्के. जुन्या भट्ट्यांत उकळूच देत नसत. तीन टक्क्यांना काय धरायचं हे आता तरुण मुलं माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. दादा असते तर म्हणाले असते, एवढं शिकून तीन टक्के?

माझी वीस मिनिटं संपली वाटतं, हात दिसतोय. एक दोन मिनिटं द्या. शाळेच्या प्रयोगशाळेतून मी काल एक गोल चंबू मागून आणलाय. त्याच्या तोंडाला बुचातून मीटरभर काचेची नळी, वर नरसाळं, आणि सगळं काठोकाठ पाण्यानं भरलेलं. खाली स्पिरिटचा दिवा. वरच्या पाण्याच्या वजनामुळे चंबूतलं पाणी नेहमीच्या बिंदूला उकळत नाही, दोन-अडीच अंश जास्त तापावं लागतं. मग एक बुडबुडा नळीत शिरतो, वरचं पाणी थोडं सांडतं, वजन कमी होतं, आणि चंबूतलं सगळं पाणी एकदम फसफसून उठतं. मग शांत. मग पुन्हा.

जेवणाआधी बाहेर व्हरांड्यात लावतो. सरांना आणि बाईंना खुर्च्या टाका, पण लांब. बाकीच्यांनीही चार हात मागे उभं राहा. पाणी उकळतं असतं आणि उंच उडतं. काल रात्री मी घड्याळ लावून सहा वेळा बघितलं, सहाही वेळा अंतर वेगळं निघालं. त्यामुळे नेमकं कधी उडेल ते विचारू नका.